उंदराची साक्ष

मुंबईच्या मांडवी भागात, बंदराला लागून असलेल्या ज्या वखारींतून गेल्या शतकाआधीच्या शतकाच्या अखेरीस धान्याची, साखरेची आणि मसाल्यांची अहोरात्र उलाढाल चाले, त्या वखारींवर हमाल, दलाल, अडते आणि गाडीवान यांच्या जोडीने उंदरांचीही एक फार मोठी प्रजा पोसली जात होती. गोदामाच्या वर मुनीमजींची राहण्याची खोली, खोलीच्या मागे अरुंद बोळ, बोळात उघडे गटार, आणि या सर्वांवर कौलांचे छप्पर, अशी त्या वस्तीची रचना असल्यामुळे माणूस आणि उंदीर यांच्यामध्ये भिंत अशी उरलीच नव्हती. हाँगकाँगहून येणाऱ्या जहाजांनी १८९४ पासून तेथे चाललेल्या महामारीचे बीज या बंदरात आणून टाकले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १८९६ च्या पावसाळ्याच्या शेवटी मांडवीत उंदीर मरून पडू लागले. वखारवाल्यांनी ते शेपटीला धरून बाहेर फेकले आणि व्यवहार पूर्ववत चालू ठेवले. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉक्टर आकासियु गाब्रिएल व्हिएगश या मूळच्या गोव्याच्या वैद्याने नवरोजी हिल भागातील आपल्या रोग्यांचा तीव्र ज्वर आणि जांघेतील गाठी पाहून हा ग्रंथिज्वर, म्हणजेच प्लेग आहे, असे निःशंकपणे जाहीर केले. ते स्वतः नगरपालिकेचे सभासद होते आणि त्यांच्या निदानाला प्रारंभी पुष्कळांनी नाके मुरडली. परंतु पुढील सहा महिन्यांत शहराची निम्म्याच्या जवळपास वस्ती रेल्वेने, गलबतांनी, बैलगाड्यांनी आणि पायी बाहेर पडली, तेव्हा त्या निदानाविषयी शंका घेणारा कोणी शिल्लक राहिला नाही.

प्लेग हा मुळात माणसाचा रोग नव्हे. तो उंदरांचा आणि त्यांच्या जातीच्या कृंतक प्राण्यांचा रोग आहे, आणि माणूस त्यात केवळ शेजारधर्माने सापडतो. जनावरांपासून माणसाला जडणाऱ्या जंतुजन्य रोगांचे हे कूळ फार मोठे आहे: गुरांच्या फाशीपासून येणारी काळपुळी, उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पुराच्या पाण्यातून येणारा लेप्टोचा ताप, बाधित गाईम्हशींच्या कच्च्या दुधातून येणारा ब्रुसेलाचा ज्वर, हे सारे याच कुळातले. परंतु या कुळातील दुसऱ्या कोणत्याही रोगाने महाराष्ट्राच्या गावगाड्याची, कायद्याची, राजकारणाची आणि विज्ञानाची इतकी उलथापालथ केलेली नाही. आणि ज्या रोगाने ही उलथापालथ केली, त्याचा खरा साक्षीदार जो उंदीर, त्याचा जबाब नोंदवून घ्यायला सरकारदरबारी जवळजवळ दहा वर्षे लागली. ती दहा वर्षे कशी गेली, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्लेगचा जंतू त्या वेळी अज्ञात नव्हता. अलेक्झांडर येर्सिन याने हाँगकाँगमध्ये १८९४ च्या जून महिन्यात तो रोग्यांच्या गाठींत आणि मेलेल्या उंदरांच्या शरीरातही दाखवून दिला होता. असे असूनही मुंबईच्या अधिकाऱ्यांच्या मनावर अंमल होता तो जुन्याच कल्पनांचा: घाण, कोंदट हवा, ओल, जमिनीतून निघणारे विषारी वायू आणि रोग्याचा स्पर्श. त्यामुळे जे उपाय योजले गेले, ते सर्व या कल्पनांच्या हद्दीतच फिरत राहिले. गटारांतून कार्बोलिक आम्ल आणि समुद्राचे पाणी सोडण्यात आले. भिंतींना चुना फासण्यात आला. उजेड यावा म्हणून कौले काढण्यात आली. ज्या घरांना राहण्यास अयोग्य ठरवले त्यांच्या दारांवर तीन इंग्रजी अक्षरांचा शिक्का उमटवण्यात आला. अंथरुणे, कपडे, कधी कधी सारे सामानसुमान जाळण्यात आले. रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना अलगीकरणाच्या छावणीत नेण्याचे फर्मान निघाले, तेव्हा लोकांचा संताप अनावर झाला, आणि १८९६ च्या ऑक्टोबर महिन्यात सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. घरात शिरणे, माणसे तपासणे, प्रवासी अडवणे, जत्रा बंद करणे, मालमत्ता नष्ट करणे, असे अफाट अधिकार त्या चार कलमांच्या चिमुकल्या कायद्याने सरकारच्या हाती दिले.

पुण्यात या अधिकारांचा जो वापर झाला, त्याची हकीकत मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असते. प्लेगच्या बंदोबस्तावरील अधिकारी रँडसाहेब यांच्या हाताखालचे गोरे सोजीर स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत बुटांसकट शिरत, बायाबापड्यांची तपासणी रस्त्यावर होई, आणि त्या क्षोभाची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडसाहेबांवरील गोळीबारात झाली. त्या प्रकरणाचा राजकीय इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला येथे त्याच्या एका निराळ्या बाजूकडे लक्ष वेधायचे आहे. समजा, ते शोधपथक देवमाणसांचे असते, त्यांनी पायांतले काढून, हात जोडून, प्रत्येकाची परवानगी घेऊन घर तपासले असते, तरीही रोग फारसा हटला नसता. कारण पथक माणूस शोधत होते, आणि रोग होता तो जोत्याखालच्या बिळात, धान्याच्या कणगीमागे आणि कौलांच्या आढ्यात. रोग्याला उचलून नेले की सोजीर पुढच्या घराकडे वळत, आणि उंदीर भिंतीच्या पोकळीतून, विनापरवाना, त्यांच्या आधी त्या घरात पोहोचलेला असे. जुलूम तर झालाच, आणि तो व्यर्थही गेला, ही गोष्ट मला त्या जुलमाइतकीच दुःखदायक वाटते.

त्याच काळोख्या दिवसांत पुण्याजवळ ससाणे यांच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या गायकवाडांचा मुलगा प्लेगने पडला आहे हे कळताच सासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. मुलगा वाचला, सावित्रीबाई स्वतः प्लेगने आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. रोग नक्की कोणत्या वाटेने येतो हे त्या वेळी पृथ्वीवर कोणालाही निश्चित ठाऊक नव्हते, आणि ज्या अर्थी ते ठाऊक नव्हते त्या अर्थी प्रत्येक रोग्याला हात लावणे म्हणजे मृत्यूलाच हात लावणे आहे, असे मानूनच त्या माउलीने तो हात पुढे केला होता.

आता ज्याला आपण अडाणी म्हणतो त्या खेडुताकडे वळू. गढवाल आणि कुमाऊंच्या डोंगरांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून हा रोग महामारी या नावाने ठाण मांडून होता, आणि घरात उंदीर मरून पडला की ते घर, किंबहुना ते गावच, तत्काळ सोडून रानात जायचे, हा तेथील लोकांचा रिवाज सरकारी अहवालांतून कितीतरी आधी नमूद झाला होता. दख्खनच्या खेड्यांनाही हे ज्ञान कोणी शिकवावे लागले नाही; दोनतीन मोसमांच्या अनुभवाने ते त्यांना आपोआप आले. ‘उंदीर पडला’ एवढे दोन शब्द चावडीवर येण्याचा अवकाश, की पाटील-कुलकर्ण्यांपासून सगळे गाव हलू लागे. गावापासून हाकेच्या अंतरावर, पण वेशीबाहेर, माळावर किंवा मळ्यात मेढी रोवल्या जात. कुडाच्या भिंती, वर गवताचे किंवा तुराट्यांचे छप्पर. बाभळीच्या सावलीला गुरे, तीन दगडांची चूल, आणि वर्षाचे धान्य पेवात तसेच सोडून फक्त गरजेपुरते दाणे सोबत. देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधून आणलेले असत. गावात कोणी परत जायचे नाही असा दंडक. तरी एखादी म्हातारी विसरलेल्या विळीसाठी, एखादा सावकार पुरलेल्या मोहरांसाठी चोरून जाऊन येई, आणि तीनचार दिवसांत त्याच झोपडीत ताप भरे. दोनतीन महिने असे काढल्यावर गावात पुन्हा उंदीर वावरू लागले, मेलेला दिसेनासा झाला, म्हणजे मरीआईचा नैवेद्य करून, घरे शेणाने सारवून लोक आत येत. या व्यवहाराला कोणतेही शास्त्र पाठीशी नव्हते. होते ते केवळ सूक्ष्म निरीक्षण, आणि त्या निरीक्षणावर सारे गाव उठवण्याची हिंमत. पुढे मुंबई इलाख्यातील अधिकाऱ्यांनीही गाव रिकामे करणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय म्हणून स्वीकारला.

मात्र या निरीक्षणात एक दुवा हरवलेला होता. उंदीर मरतो आणि मागोमाग माणूस मरतो, हे दिसत होते. पण मेलेल्या उंदराचे विष माणसापर्यंत पोहोचते कसे? हवेतून, अन्नातून, की अनवाणी पायांच्या ओरखड्यांतून? या प्रश्नाला उत्तर मिळाले ते कराचीत, एका फ्रेंच सैनिकी डॉक्टरला. पॉल-लुई सिमाँ हा पाश्चर संस्थेच्या वतीने १८९७ मध्ये मुंबईत आला होता. रोग्यांना तपासताना काहींच्या अंगावर, बहुधा पायावर, एक बारीकसा फोड असतो आणि त्या फोडात प्लेगचे जंतू सापडतात, हे त्याच्या ध्यानात आले. नुकताच मेलेला उंदीर उचलणाऱ्याला रोग होतो, पण मरून बराच वेळ झालेला, थंडगार पडलेला उंदीर हाताळणाऱ्याला सहसा होत नाही, हेही त्याने हेरले. मेल्यावर उंदराच्या शरीरातून असे काय निघून जाते, या विचारात त्याचे मन पिसवांवर जाऊन स्थिरावले, कारण शरीर थंड होताच त्याच्यावरील पिसवा ते सोडून दुसऱ्या उबदार शरीराच्या शोधात उडतात.

२ जून १८९८ रोजी त्याने केलेला प्रयोग साधनांच्या दृष्टीने अत्यंत दरिद्री होता. एक मोठी काचेची बरणी, तळाला वाळूचा थर, आणि तीत प्लेगच्या रोग्याच्या घरात पकडलेला एक आजारी उंदीर. त्याच्या अंगावरच्या पिसवा पुरेशा नसतील म्हणून सिमाँने एका मांजराच्या अंगावरून आणखी काही मिळवून बरणीत सोडल्या. उंदीर अखेरच्या घटका मोजू लागला, तेव्हा जाळीच्या लहानशा पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर घालून तो पिंजरा बरणीत असा टांगला, की दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ नये. दुसऱ्या दिवशी आजारी उंदीर मेला. त्याचे प्रेत आणखी एक दिवस तसेच ठेवून मग काढून टाकण्यात आले. वर टांगलेला उंदीर काही दिवसांनी ग्लानीत गेला आणि मेला, आणि त्याच्या गाठींत, रक्तात, यकृतात प्लेगचे जंतू खच्चून भरलेले आढळले. पिसवा नसलेल्या आजारी उंदराशेजारी मात्र निरोगी उंदीर खुशाल जगत होता. सिमाँने त्याच वर्षी हे सर्व प्रसिद्ध केले.

त्यावर जगाने काय केले? सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने देशभर फिरून, शेकडो साक्षी नोंदवून, अनेक खंडांचा अहवाल तयार केला. त्यात उंदराला दुय्यम स्थान दिले आणि पिसवांचा सिद्धान्त विचारात घेण्याजोगा मानला नाही. मामलेदारांची साक्ष झाली, सिव्हिल सर्जनांची झाली, मोठमोठ्या शास्त्रज्ञांची झाली. एका बरणीतल्या दोन उंदरांची साक्ष पुरेशी वाटली नाही. विद्वानांनी शंका घेणे हा त्यांचा धर्मच आहे आणि एका प्रयोगावर एवढा मोठा निष्कर्ष उभारू नये हे म्हणणे सर्वस्वी अयोग्य नव्हते, हे मी मान्य करतो. तथापि तो प्रयोग पुन्हा करून पाहण्याची तातडी कोणास वाटू नये, आणि मधल्या वर्षांत रोगाने पंजाबपासून म्हैसूरपर्यंत लाखो घरे बसवावीत, हे वाचताना मन विषण्ण होते.

दरम्यान मुंबईत दुसरा एक उद्योग चालू होता. वाल्देमार हाफकिन हा रशियातून आलेला यहुदी शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्येच ग्रँट मेडिकल कॉलेजात येऊन दाखल झाला होता, आणि तेथल्या तुटपुंज्या जागेत प्लेगचे जंतू वाढवून, उष्णतेने मारून, त्याने तीन महिन्यांच्या आत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांपैकी जे राजी झाले त्यांना टोचली. १८९९ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेला परळची जुनी गव्हर्नरांची कोठी मिळाली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली, आणि मुंबईच्या प्रयोगशाळेचा त्यात दोष नाही हे सिद्ध होईपर्यंत हाफकिनची उमेदीची वर्षे बदनामीत गेली. आज परळला त्याच्याच नावाने संस्था उभी आहे, हे उचितच आहे. परंतु लस ही ढाल होती. वैरी कोणत्या खिंडीतून येतो, हे लस सांगत नव्हती.

ती खिंड शोधण्याचे काम याच परळच्या आवारात झाले. ग्लेन लिस्टन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने मुंबईच्या चाळींतून आणि प्राण्यांच्या पिंजऱ्यांतून पिसवा गोळा करून असे दाखवले, की उंदीर मरू लागले की एरवी उंदरावर राहणारी विशिष्ट जातीची पिसू माणसांच्या अंगावर सापडू लागते. १९०५ मध्ये नवे संशोधन कमिशन बसले आणि परळला छोट्या खोपट्यांची एक ओळच बांधण्यात आली. त्या खोपट्यांत गिनीपिग सोडण्यात येत. आजारी आणि निरोगी प्राणी एकत्र, एकाच खाद्यावर, एकमेकांच्या मलमूत्रात लोळत ठेवले आणि पिसवा वगळल्या, तर रोग एकालाही होत नसे. बाधित मातेचे दूध पिणारी पिल्लेसुद्धा धडधाकट राहत. पिसवा आत सोडल्या की मृत्यूचे सत्र सुरू होई. मग पिंजरे टांगून पाहिले. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातला प्राणी मरे. दोन इंचांवर टांगलेलाही मरे. दोन फुटांवर टांगलेला मात्र वाचे, कारण पिसूची उडी चार-पाच इंचांपलीकडे जात नाही. हवा तर दोन फुटांवरही तीच होती. जमिनीतून उठणाऱ्या विषारी वायूंचा जो सिद्धान्त पिढ्यान्‌पिढ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात बसला होता, तो त्या टांगलेल्या पिंजऱ्याने कायमचा निकालात काढला. आणि प्लेगची गाठ बहुतेकांना जांघेतच का येते, याचाही उलगडा झाला: भुईवरून एवढीशी उडी मारणारा कीटक पायालाच डसणार, आणि पायाचे विष आधी जांघेतच अडणार.

प्रयोगशाळेबाहेरचे कामही तितकेच चिकाटीचे होते. शहरभरातून पकडलेले आणि मेलेले उंदीर रोज परळला येत, प्रत्येकाला तो कोठे सापडला याची चिठ्ठी लावलेली असे, आणि कापून पाहिल्यावर त्याची नोंद नकाशावर होई. शीव, वडाळा, परळ आणि वरळी या त्या वेळच्या गावठाणांतही असेच टिपण झाले. त्यातून जे चित्र उमटले ते विलक्षण रेखीव होते. प्रथम गटारांतल्या करड्या उंदरांत मरी पसरे. सुमारे दहा दिवसांनी ती घरातल्या काळ्या उंदरांत शिरे. आणि त्यानंतर आणखी दहा-बारा दिवसांनी माणसे पडू लागत. म्हणजे चावडीवर ‘उंदीर पडला’ म्हणून वर्दी देणारा खेडूत जी मुदत अंदाजाने धरून चालत होता, तीच मुदत शास्त्राने दिनांकवार मोजून दिली. पिसू दंश करून जंतू नेमके कसे टोचते, हे तेवढे राहिले होते. तेही १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेतील बेकट आणि मार्टिन यांनी दाखवले. जंतू पिसूच्या अन्ननळीत वाढून तिला बूच बसवतात. रक्त पोटात उतरत नाही म्हणून ती भुकेने कासावीस होऊन पुनःपुन्हा डसते, आणि प्रत्येक दंशाबरोबर अडलेले रक्त जंतूंसह जखमेत परत ओकते.

ज्ञान आले, पण साथ लगेच ओसरली असे नाही. १९०७ या एकाच वर्षात हिंदुस्थानात सुमारे १३ लाख माणसे प्लेगने मेली, आणि एकंदर बळींचा आकडा अर्धशतकात सव्वा कोटीच्या आसपास गेला. मुंबईत सुधार ट्रस्टने कोंदट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. सापळे वाटले गेले. वखारी वस्तीपासून दूर नेण्याचे बेत झाले. १९४० च्या दशकात सल्फा औषधे, मागोमाग स्ट्रेप्टोमायसिन आणि डीडीटी आले, आणि १९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद अठ्ठावीस वर्षे मिळाली नाही. प्लेगची खाती बंद झाली, जुने कर्मचारी निवृत्त झाले, दप्तरे बासनात गेली.

१९९४ च्या ऑगस्ट महिन्यात बीड जिल्ह्यातील मामला या गावात घरोघरी पिसवांचा उपद्रव वाढला आणि उंदीर मरून पडू लागले. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरच्या किल्लारीच्या भूकंपानंतर धरणीकंपाच्या धास्तीने त्या बाजूच्या लोकांनी घरे सोडली होती, घरांत धान्य तसेच राहिले होते, आणि त्या धान्यावर उंदरांची पैदास बेसुमार झाली होती. गावकऱ्यांनी उंदीर पडत असल्याची आणि पिसवांची तक्रार आरोग्य खात्याच्या कानावर घातली. त्यानंतर काही दिवसांनी गावात ताप आणि काखाजांघेतल्या गाठी यांचे रोगी दिसू लागले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची आवई उठून लाखो लोक शहर सोडून पळाले, आणि अनेक देशांनी हिंदुस्थानची विमाने, जहाजे व माल अडवला. सुरतेच्या त्या हाहाकारावर पुस्तके निघाली, चौकशी समिती बसली. मामल्याच्या लोकांनी मात्र आजोबा-पणजोबांच्या वेळी जी वर्दी चावडीवर दिली जात असे, तीच त्याच क्रमाने दिली होती: आधी उंदीर, मग पिसवा, मग ताप.